सभ्य पराभवाचं तिकीट

फेब्रुवारी उजाडला की रोममधल्या वकील, डेंटिस्ट आणि जाहिरात कंपन्यांतल्या मंडळींना रग्बीची उबळ येते. युरोपातल्या सहा संघांची सिक्स नेशन्स स्पर्धा मार्चमध्ये संपते, तशी उबळही बसते. एरवी वर्षभर हीच मंडळी फुटबॉलमध्ये रोमा की लाझिओ यावरून सख्ख्या मेहुण्याशी अबोला धरून असतात. पण त्या दोन-तीन वीकेण्डना गालावर हिरवा-पांढरा-लाल पट्टा ओढून, मुलांना खांद्यावर घेऊन ती ओलिम्पिको स्टेडियमकडे निघतात. सगळे हौसे-नवसे-गवसे. त्यातही नवसे फारच कमी, कारण इटलीच्या रग्बी संघाला नवस बोलून उपयोग नाही, हे एव्हाना देवालाही ठाऊक आहे.

स्टेडियम तेच. रोमा-लाझिओ सामन्याला पोलीस ज्या स्टेडियमात दोन बाजूंच्या समर्थकांना वेगवेगळ्या वाटांनी आत सोडतात, तिथेच वकीलसाहेब किल्ट घातलेल्या स्कॉटिश पाहुण्याच्या गळ्यात गळा घालून सेल्फी काढतात. बाहेर फोरो इतालिकोवर, मुसोलिनीच्या काळातल्या संगमरवरी पहिलवानांच्या नजरेसमोर बिअरचे तंबू लागतात. (त्याच काळात फॅसिस्ट पक्षाचे सचिव ऑगुस्तो तुराती यांनी परक्या खेळांवर उतारा म्हणून 'व्होलाता' नावाचा अस्सल स्वदेशी खेळ काढला होता. तो काही वर्षांतच बारगळला. पक्षादेशाने टाळ्या मिळतात, प्रेक्षक मिळत नाहीत.) सामना संपल्यावर दोन्ही बाजूंनी एकत्र बसून प्यायचं, या रिवाजाला तिथे 'तेर्झो तेम्पो', म्हणजे तिसरा हाफ म्हणतात. पहिल्या दोन हाफमध्ये वकीलसाहेबांना काही उमगत नाही. तिसऱ्यात मात्र ते तज्ज्ञ असतात.

नियमांचं म्हणाल तर हातातला चेंडू फक्त मागे टाकायचा आणि तरीही पुढे सरकायचं, हे इटलीच्या राजकारणात वाढलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. घोडं अडतं ते स्क्रमपाशी. आठ विरुद्ध आठ धिप्पाड माणसं डोकी घालून एकमेकांना रेटतात, मध्येच सगळे कोसळतात, पंच शिट्टी वाजवून एक हात वर करतो. का, ते विचारायचं नाही. शेजारच्याला विचारलं तर तोही डोकं हलवून 'पेनल्टी बरोबर दिली' एवढंच म्हणतो. फुटबॉलमध्ये पंचाच्या मातोश्रींपर्यंत पोचायला ज्याला दीड मिनिट पुरतं, तो इथे पंचाला 'सर' म्हणणाऱ्या खेळाडूंकडे बघून गहिवरतो आणि सोमवारी ऑफिसात सांगतो, "काय ते संस्कार!"

या संस्कारांची साथ फुटबॉललाही लागली होती. २००७ मध्ये फिओरेंतिनाच्या खेळाडूंनी सामना हरल्यावर रांगेत उभं राहून इंटरच्या खेळाडूंना टाळ्या वाजवल्या. देशभर कौतुक झालं. नंतर हात मिळवण्याची प्रथा आली. हात मिळायचे, ओठही हलायचे, आणि ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्या वार्ताहरांना काम मिळालं.

खरी मौज पुढेच आहे. फुटबॉलचे चार विश्वचषक जिंकलेल्या या देशाला २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत साधा प्रवेशही मिळाला नाही, तेव्हा घरोघरी सुतक पाळलं गेलं. रग्बीत २००० साली सिक्स नेशन्समध्ये पाऊल ठेवल्यावर पहिल्याच सामन्यात इटलीने आदल्या वर्षीच्या विजेत्या स्कॉटलंडला ३४-२० असं लोळवलं. त्यातले २९ गुण एकट्या दिएगो दोमिंगेझचे, आणि दोमिंगेझ मूळचा अर्जेंटिनाचा. त्यानंतर पहिल्या २४ स्पर्धांपैकी १८ वेळा संघ तळाला राहिला. तळाच्या संघाला लाकडी चमच्याचा मान मिळतो. प्रत्यक्षात चमचा कोणी देत नाही, नाहीतर एव्हाना एका खानावळीची सोय झाली असती. २०१५ ते २०२२ या काळात स्पर्धेतले सलग ३६ सामने गेले. स्टेडियम ओस पडलं का? छे! फुटबॉलमध्ये हरलेला माणूस रडतो. रग्बीत हरलेला माणूस सुसंस्कृत ठरतो, आणि तेही परवडणाऱ्या तिकिटात.

याचा कळस झाला २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, मिलानच्या सान सिरोवर. फुटबॉलच्या त्या देवळात न्यूझीलंडचा हाका नाच बघायला ८० हजारांवर लोक लोटले. इटली ६-२० असा हरला. शेवटची कित्येक मिनिटं न्यूझीलंडच्या गोलरेषेजवळ स्क्रममागून स्क्रम कोसळत राहिले, आणि प्रत्येक कोसळण्याला लोक असे ओरडत होते, जणू चेंडू जाळ्यात गेलाय.

त्या ८० हजारांपैकी किती जण पुढच्या रविवारी रोव्हिगोला गेले असतील? व्हेनेतोमधल्या या गावात पिढ्यान्पिढ्या रग्बी खेळतात, नियम आजीबाईंनाही पाठ असतात आणि पंचाला यथेच्छ शिव्याही पडतात. तिथे सेल्फीला किल्टवाला मिळत नाही.

आता वकीलसाहेबांवर नवं संकट आलंय. संघ जिंकायला लागलाय. २०२४ मध्ये रोमला स्कॉटलंड ३१-२९ असा पडला, मग कार्डिफला वेल्सही. त्याआधी लीलमध्ये फ्रान्सशी १३-१३ अशी बरोबरी होती आणि शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली. पाओलो गारबिसीने चेंडू टीवर, म्हणजे किकसाठीच्या बैठकीवर ठेवला, तो घरंगळला. घड्याळ पळत होतं, फ्रेंच खेळाडू पुढे सरकत होते. घाईघाईने पुन्हा ठेवून मारलेला चेंडू खांबावर आपटून परतला. फ्रेंच लवकर निघाले होते, पंचाने किक पुन्हा द्यायला हवी होती, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. नियमाचं कलम त्यांना माहीत नव्हतं. पण सोफ्यावरून उठून, टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी पंचाच्या मातोश्रींची चौकशी केली, तीही खास रोमन बोलीत, आणि मेहुण्याला फोन लावला.