ळ नयाचा

बोदवडच्या माणसाला ळ लिहिता येतो, वाचता येतो, दुसऱ्याच्या वहीतला चुकलेला ळ बोट ठेवून दाखवताही येतो. घरात मात्र त्याचा काही उपयोग नसतो. आमच्याकडे शाळा म्हणजे शाया, डाळ म्हणजे दाय, भरून येतं ते आभाय आणि बैलांचा सण तो पोया. एका अंगाला भुसावळकडची लेवा बोली, दुसऱ्या अंगाला मलकापूरकडची वऱ्हाडी, आणि मधल्या सांध्यावर आमचं गाव. दोघींचं पुष्कळ बाबतीत जमत नाही, पण ळचा य करण्याबाबत त्यांच्यात संपूर्ण एकमत आहे. त्यामुळे ळसाठी कुठल्याही दिशेनं पळालं, तरी पहिलं स्टेशन यचंच लागतं.

पहिलीच्या वर्गात तक्ता असायचा. प्रत्येक अक्षराला एक चित्र. ळपाशी आल्यावर तक्ता छापणाऱ्याची पंचाईत झालेली दिसायची, कारण ळनं सुरू होणारा शब्द मराठीत मिळत नाही. म्हणून तिथे ळनं संपणारा नळ काढलेला. गुरुजी म्हणायचे, "ळ नळाचा." आम्ही सगळे एका सुरात, "य नयाचा!"

"अरे, ळ!"

"हाव गुरुजी, य!"

हे गुरुजी जिल्ह्याबाहेरचे होते, लवकरच बदली करून घेऊन गेले. त्यांच्या जागी आले ते जामनेरकडचे. त्यांनी तक्त्यावर छडी टेकवली आणि शांतपणे म्हणाले, "य नयाचा." प्रश्न मिटला. यज्ञाचा एक आणि नयाचा एक, असे आमच्या वर्णमालेत दोन य झाले. यात हसण्यासारखं काही नाही. श आणि पोटफोड्या ष बोलण्यात केव्हाच एक झालेत, पुण्यातसुद्धा. पण त्यापायी कुणाला अडाणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

खरी गंमत शहाण्या पोरांची होते. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं नियम शोधून काढला : घरात जिथे जिथे य म्हणतात, तिथे तिथे वहीत ळ लिहायचा. आईवरच्या निबंधात त्यानं लिहिलं, "माझी माळ पहाटे उठते. ती गाळीचे दूध काढते. मग माझे पाळ धुते." सगळे ळ टपोरे, गोलगरगरीत. गुरुजींनी समासात लाल शाईनं एवढंच विचारलं, "य कुठे गेला?"

हा ळ मुळात कुठून आला म्हणाल, तर फार वरून. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईळे' असं क्रियापद आहे, म्हणजे अग्नीची स्तुती सुरू होते न होते तोच ळ हजर. पुढच्या संस्कृतानं तो टाकून दिला. संस्कृतानं ळ टाकला तर भाषा अभिजात, आम्ही टाकला तर गावंढळ! हिंदीकडेही तो नाही, म्हणून गाडीतली घोषणा 'भुसावल' आणि 'जलगाँव' म्हणते. वर हिंदीत लिहिताना आमच्या बोदवडच्या डखाली एक टिंबही देतात. मागितलं नव्हतं.

जळगाव जिल्हा केळीचा. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. 'जळगाव' आणि 'केळी', दोन्ही शब्दांत ठसठशीत ळ, आणि बागेतला माणूस म्हणतो, "जयगावची केयी". ती ट्रकनं दिल्लीला पोचली की 'केला' होते. या सगळ्या व्यवहारात ळ शाबूत राहतो तो बाजारपेठेतल्या मारवाडी शेठजींच्या तोंडी, कारण मारवाडीत ळ आहे आणि गुजरातीतही आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून त्यांची मराठी आमच्याहून शुद्ध राहिली, ती मराठी न शिकल्यामुळे.

पाहुण्यांचे मात्र हाल होतात. आमच्या घरचा एक जावई पुण्याचा. आजीनं त्याला गावातल्या एका म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. "काही नाही हो जावाईबापू, त्याचा काय आला व्हता."

"काय आला होता?"

"हाव, कायच."

"पण नक्की काय?"

"अहो, काय म्हंजे काय! येते का तो सांगून?"

जावयानं मान हलवली आणि नंतर बायकोला हळूच विचारलं की, म्हातारे गेले ते कशानं? काळ आला होता हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

यावर कुणी फार नाक मुरडलं तर मी बहिणाबाईंना पुढे करतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1952 साली गाणी पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन आली, आणि बाईंचा य त्यात डौलानं बसला. मनावरच्या त्यांच्या कवितेतलं 'वढाय' म्हणजे आपलं ओढाळच. त्या 'वढाय'वर अख्खा महाराष्ट्र मान डोलावतो. तोच य आमच्या पोराच्या निबंधात आला की त्याभोवती लाल गोल. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला बाईंचं नाव दिलं. त्या विद्यापीठाच्या परीक्षेत 'वढाय' लिहून किती गुण मिळतात, हे कुणीतरी करून पाहावं.

बाहेरच्या जगातही आम्ही एकटे नाही. तमिळमध्ये जीभ मागे दुमडून काढायचा एक अवघड उच्चार आहे, त्यासाठी देवनागरीत टिंबवाला ऴ घडवून ठेवलाय. 'वाऴैप्पऴम्' म्हणजे केळं. चेन्नईच्या रस्त्यावरचा माणूस एवढी कसरत करत नाही, सरळ 'वायप्पयम्' म्हणतो. पाहा, तिथेही नेमकं केळंच सापडलं.

आणि स्पॅनिश. माझा भाचा पुण्यात तिचा वर्ग लावून बसलाय. त्या भाषेत दोन ल शेजारी आले की बहुतेक लोक त्यांचा य करतात. बाकीची मुलं अडखळत होती. आमच्या भाच्यानं पहिल्याच दिवशी असा य काढला की बाईंनी सगळ्यांना त्याचं ऐकायला लावलं. यमुळे शाबासकी मिळालेला आमच्या घराण्यातला हा पहिला माणूस. सुट्टीत आला तेव्हा आजीला शिकवत होता.

"आजी, लिहायचं 'पोल्लो', म्हणायचं 'पोयो'."

"पोया?"

"पोयो. म्हणजे कोंबडी."

"कोंबड्यांचा पोया करतात तथी? अन् बैलं कुठी गेले?"

भाच्यानं सांगितलं की, तिकडे बैलांना मैदानात सोडतात आणि हजारो लोकांसमोर तलवारीनं मारतात.

आजी क्षणभर थांबली. "मंग बरोबर हाये," म्हणाली, "कोंबड्यांचाच करा लागंल."