माईआत्याची नाटक कंपनी

सांगलीच्या जुन्या पेठांत एके काळी दर दोन वाड्यांआड एक नाट्यवेडी बाई असायचीच. कुणाची काकू, कुणाची मावशी. आमच्या वाट्याला ती आत्या म्हणून आली. ही जात ओळखायला सोपी. कमरेला किल्ल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत दशम्या आणि घडी घालून जपलेली नाटकाची जाहिरात. बारशापासून तेराव्यापर्यंत घरातलं सगळं हिच्याच शिरावर, आणि तरी रात्री प्रयोग आहे म्हटलं की चार वाजता स्वयंपाक झाकून बाईसाहेब तयार.

माईआत्याच्या लेखी संसार आणि संगीत नाटक हे दोन विषय नव्हतेच. कुटुंब ही कंपनी, आणि ती तिची मालक. वेळ पडली तर प्रॉम्प्टरही. पाहुण्यांसमोर थोरल्या काकांना शब्द सुचेनासा झाला, की स्वयंपाकघराच्या दारामागून त्यांचं पुढचं वाक्य यायचं. कुठं जायचं असलं की ती देवघरातली घंटा वाजवायची. पहिलीला कपडे, दुसरीला चपला, तिसरीला टांगा सुटणार. एकदा तिसऱ्या घंटेला आतोबा न्हाणीघरात होते. टांगा सुटला. गंमत म्हणजे त्या दिवशी आम्ही त्यांच्याच साहेबाच्या घरी जेवायला निघालो होतो.

सांगलीचा तिला अभिमान होता म्हणणं म्हणजे कृष्णेला पाणी असतं म्हणण्यासारखं आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. देवल हरिपूरचे, म्हणजे चालत जाण्याइतके जवळ. खाडिलकर सांगलीचे. बालगंधर्वांचं नागठाणंही आपलंच. सल होता फक्त किर्लोस्करांचा. 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारा माणूस गुर्लहोसूरचा, बेळगावाकडचा निघावा, हे तिला देवाचं दुर्लक्ष वाटे. त्यावरही तिनं तोड काढली होती. “बेळगावची गाडी कुठनं जाते रे? मिरजेवरनंच ना? झालं तर मग.”

आमच्या जन्मतारखा तिच्यापाशी नाटकांच्या हिशेबात होत्या. ताई ‘पंडितराज जगन्नाथ’ची, थोरला ‘मत्स्यगंधा’चा, मी ‘कट्यार’चा. शाळेत नाव घालताना वडील माझं साल चुकीचं सांगू लागले, तेव्हा आत्यानं मास्तरांसमोरच त्यांना अडवलं. “दारव्हेकरांची ‘कट्यार’ 1967 ला आली. हा त्याच वर्षीचा. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबाबद्दल मी पेपरात वाचत होते आणि हा भोकाड पसरून मला वाचू देत नव्हता.” मास्तरांनी मुकाट्यानं 1967 लिहिलं.

तिच्या ग्रामोफोनवर स्वयंपाकाचंही वेळापत्रक बांधलेलं. चहा तबकडीची एक बाजू उकळायचा, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. शिरा दोन बाजू परतायचा. पुढे कुणीतरी कौतुकानं तिला लाँगप्ले तबकडी आणून दिली. बाजू काही संपेना. त्या दिवशी चहाचं आधण आटलं, दूध उतू गेलं आणि पातेल्याचा तळ कायमचा काळा पडला. “रेकॉर्ड चांगली आहे, पण संसारी माणसाची नाही,” असं म्हणून तिनं ती कपाटावर ठेवली.

मुलांच्या संगोपनातही हाच खाक्या. मी एकदा शाळा चुकवण्यासाठी पोट धरून बसलो. तिनं शेजारी बसून शांतपणे सांगितलं, की 1911 साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी ते रात्री भामिनी म्हणून उभे राहिले. “तुझं काय दुखतंय म्हणालास?” आमच्या घरात त्यानंतर कुणाला पोट दुखायची सोय राहिली नाही.

नातेवाइकांची वर्गवारीही अशीच होती. बायकोच्या माहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी स्वतः फोडणारे एक जावई फाल्गुनराव. पैशावर फुगलेले आणि झुरळाला घाबरणारे दुसरे लक्ष्मीधर. बिजवरांची स्थळं आणणारे एक गृहस्थ दिसले, की ती “भद्रेश्वर आले, पाट मांडा,” म्हणायची. त्या बिचाऱ्यांनी ‘शारदा’ पाहिलं नव्हतं. त्यांना वाटे, काहीतरी धार्मिक आहे. हात जोडून बसत.

मधल्या काकांना थोडी सवय होती. त्यांना सुधारायला आत्या मुद्दाम ‘एकच प्याला’ला घेऊन गेली. काका धाय मोकलून रडले. मध्यंतरात बटाटेवडासुद्धा त्यांना गेला नाही. आत्यानं विजयी मुद्रेनं आतोबांकडे पाहिलं. नाटक सुटल्यावर काका दिसेनात. तासाभरानं सापडले ते जिथं सापडू नयेत तिथंच. “माई, गडकऱ्यांनी फार जिव्हारी लावलं गं,” ते म्हणाले, “विसरायला काहीतरी हवंच होतं.” आत्यानं त्यांना घरी आणलं आणि वाटेत, हा माणूस शुद्धीवर नाही हे दिसत असूनही, त्यातली पदं गडकऱ्यांची नसून गुर्जरांची आहेत, हे दोनदा समजावून सांगितलं.

आतोबा पाटबंधारे खात्यात. सुरांशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. पहिल्या अंकात झोपायचे, टाळ्यांनी जागे व्हायचे आणि प्रामाणिकपणे टाळ्या वाजवायचे. पण तिकीटखिडकी उघडायच्या आधी रांगेत पहिला नंबर त्यांचा. प्लॅनवर बोट ठेवून ते तिसऱ्या रांगेतली, ऑर्गन-तबल्याच्या बाजूची खुर्चीच मागत. आत्याचं मत होतं, की साथ चांगली असली तर नायिका कशीही निभावते, आणि घराचंही तेच आहे. हे ती त्यांच्यादेखतच म्हणायची. आतोबांना त्यातली साथ म्हणजे आपण हे कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. बहुधा झोपले असावेत.

तिचा स्वतःचा आवाज फार गोड होता. तो काळ काही बायकांना रंगमंच बंद असण्याचा नव्हे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिनं ‘कुलवधू’तल्या ज्योत्स्नाबाई भोळ्यांना ऐकलं होतं. पण मांडीवर बसवून नाटक दाखवणारे वडील आणि मुलीला कंपनीत पाठवणारे वडील यांत मोठं अंतर होतं. तू का नाही गं गेलीस, असं मी एकदा विचारलं. “आणि तुमच्या मुंजी कुणी लावल्या असत्या?” ती म्हणाली. त्या दिवशी भांडी मात्र जरा जोरात घासली गेली.

‘सौभद्र’ 1882 सालचं. आमच्या घरात त्याचा प्रयोग बरोबर शंभर वर्षांनी झाला. ताईचं मन बँकेतल्या एका कारकुनावर, आणि थोरल्या काकांचं एका साखर कारखान्याच्या इंजिनिअरवर. काका रागीट, पण त्यांचा एक हळवा कोपरा होता: त्यांची पायपेटी. कृष्णानं अर्जुनाला यती करून बलरामाच्याच पाहुणचारात ठेवला, हे आत्याला तोंडपाठ. तिनं त्या कारकुनाला पेटी दुरुस्त करणारा म्हणून घरात आणला. त्याला पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. रोज संध्याकाळी यायचा, भाता उघडायचा, पट्ट्या काढून पुसायचा, परत बसवायचा आणि काका वाजवू लागले की डोळे मिटून मान हलवायचा. महिन्याभरात काका आपणहून म्हणाले, “माई, या मुलासारखा जावई मिळायला भाग्य लागतं.” आत्या म्हणाली, “बघते विचारून.” त्या पेटीचा कोमल निषाद आजतागायत बोलत नाही.

त्याच लग्नात गुरुजींनी तिसरं मंगलाष्टक भीमपलासीत असं काही घेतलं, की मांडवातून खणखणीत आवाज आला, “वन्समोअर!” गुरुजींना उभ्या आयुष्यात कुणी वन्समोअर दिला नव्हता. त्यांनी पुन्हा घेतलं. आत्यानं पुन्हा दिला. नवरदेव हार धरून हात वर करून ताटकळलेले, आतोबा घड्याळ दाखवताहेत, मुहूर्त टळतोय. “टळू दे,” आत्या म्हणाली, “पूर्वी नाटकाला पहाट व्हायची, तेव्हा कुणाचे संसार मोडले?”

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक कागद सापडला. दागिन्यांच्या वाटण्या चार ओळींत संपवल्या होत्या. उरलेलं पान तेराव्याच्या दिवशीच्या गाण्यांचं. कुणी काय म्हणायचं, तबल्याला कोण, कुणाला आग्रह करायचा, कुणाला मुळीच करायचा नाही. खाली रेघ मारून सूचना होती: थोरल्याला काळी एकच द्यावी, काळी दोनला त्याचा आवाज फाटतो.

थोरल्यानं हट्टानं काळी दोन घेतली. अंतऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.