नेटमामा

चपला उंबऱ्याबाहेर काढता काढताच मामा विचारतो, "तांबडी का हिरवी?"

घरातली माणसं गोंधळतात. सकाळपासून नेट बंद, पोराची मुलाखत तोंडावर आलेली, आणि हा बत्तीचा रंग विचारतो! पण हा पहिला प्रश्न मामाचा कधी चुकत नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर बारीक बत्त्यांची रांग असते. त्यातली एलओएस नावाची बत्ती तांबडी झाली, की फायबरमधून येणारा उजेड डबीपर्यंत पोचलेलाच नाही असं समजायचं. मग लॅपटॉपवर कितीही बटणं बडवा. गावात याचं कारण बहुतेक रस्त्यावरच सापडतं. कडब्यानं शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावरून गेली, खांबाखांबावर लोंबणारी काळी वायर तिच्यात अडकली, ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नाही. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? वायरवाल्याला फोन लावा," असं सांगून मामा परत चपला घालतो. चहा मात्र घेऊन जातो.

बत्ती हिरवी असली, तर मामा खाली बसतो.

अशी माणसं आमच्या सीमाभागात प्रत्येक मोठ्या गावात असतात. कुठं त्यांना रेंजवाले अण्णा म्हणतात, कुठं वायफाय काका. बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनुरात तो मामा आहे, सगळ्या गावाचा मामा. सख्खा भाचाही त्याला आता नेटमामाच म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास, शर्टाचा खिसा टेस्टर आणि पेनानं फुगलेला. कॉलरच्या आतल्या बाजूला साडीच्या पिना खोचलेल्या असतात. त्या पिनांचं पुढं सांगतो.

मामाचं शिक्षण हे गावातल्या तारांचं शिक्षण आहे. आधी एसटीडी बूथ. तेव्हा बिदरला लावायचं तर ०८४८२ आणि उदगीरला ०२३८५, म्हणजे सोयरीक एका राज्यात आणि कचेरी दुसऱ्या राज्यात, हे त्याला बोटांनीच पाठ झालं. मग डिशच्या छत्र्या बसवणं, मग रिचार्ज. मोबाईल आला तेव्हा तर सीमेवरच्या माणसाचे हाल बघण्यासारखे होते. कर्नाटकाचं एक सर्कल, महाराष्ट्र-गोव्याचं दुसरं, तेलंगणाकडचं तिसरं. माळवदावर उभं राहून तोंड पश्चिमेला केलं, की फोन बसल्या जागी महाराष्ट्रात जायचा, स्वागताचा मेसेज यायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. कुठल्या घराच्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं तर माणूस स्वतःच्या राज्यात राहतो, हे मामा सांगायचा. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आमची गावं म्हैसूर राज्यात राहिली. ती हद्द आमच्या गावातल्या बऱ्याच लोकांना खरी कळली ती मोबाईलच्या बिलावर.

मामाचे खरे दिवस आले २०२० मध्ये. मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि पुण्याहून, हैदराबादहून, बेंगळुरूहून पोरं लॅपटॉप पाठीला लावून घरी आली. घरात हुद्द्याची नोकरी करणारं लेकरू माडीवर बसून इंग्रजीत बोलतंय, हे बघायला शेजारपाजार जमायचा. आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावरचं गोल चक्र फिरायला लागायचं. "मामा, नेट येईना गेलंय. नुसतं गोल फिरलालंय." मोठमोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी ही पोरं स्वतःचं मशीन घरच्या वायफायला जोडताना रडकुंडीला येत. मामाला याचा जो आनंद होई, तो लपवण्याचा प्रयत्न त्यानं कधी केला नाही.

मामाच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. त्याचं ज्ञान अर्धवट आहे, पण तपासण्याचा क्रम बरोबर आहे. आपण सगळे पहिल्यांदा पासवर्डवर संशय घेतो. मामा आधी स्वतःचा फोन त्या वायफायला जोडून बघतो. फोनवर चाललं, तर दोष लॅपटॉपचा. फोनवरही नाही, तर राउटरचा किंवा त्याच्या मागचा. मग उलट करतो: स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडतो. या दोन परीक्षांत निम्मा निकाल लागतो. पूर्वी तो पिशवीत पिवळी लॅन वायर ठेवायचा, राउटरमधून थेट लॅपटॉपमध्ये खोचायला. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपांना ते भोकच नसतं. "पातळ करायच्या नादात अवयव काढले," असं तो म्हणतो, आणि यात मला काही खोट दिसत नाही.

एका घरात लॅपटॉपला वायफायची नावंच दिसेनात. पोरगा म्हणाला, ड्रायव्हर उडालाय. नेट असेल तर उतरवून घेता येईल. म्हणजे नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. मामानं फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि वायफायशिवायच नेट पोचवलं. मग तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला, इंजिनियरच्या बापाकडं.

पण बहुतेक भानगडी याहून साध्या असतात. धाकट्या लेकरानं कीबोर्डवर हात मारलेला असतो आणि मशीन विमानाच्या मोडमध्ये गेलेलं असतं. कोपऱ्यात विमानाचं चिन्ह. बिदरला हवाई दलाचा तळ आहे. हवाई कसरती करणारी सूर्यकिरणची विमानं तिथलीच. त्यामुळं एका आजीनं अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "बिदरचं इमान आपल्या मशीनीत कसं उतरलं?" मामानं तिला समजावलं नाही. बटण दाबलं आणि म्हणाला, "उडवून लावलं, आज्जे."

हीच आजी चॅनेलच्या वेळीही पुढं होती. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, एवढं मामानं कुठल्याशा व्हिडिओत बघून ठेवलंय. शहरातल्या इमारतीत वीस-वीस राउटर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, तिथं याचा उपयोग. मामाच्या गल्लीत राउटर मोजून तीन. तरी तो चॅनेल बदलतोच. "सहावरून अकरावर नेलंय," त्यानं जाहीर केलं. "मग मालिका लाव की," आजी म्हणाली.

खरा दोष असतो भिंतीचा. जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती हात-दोन हात जाड. वायर दारातून येते म्हणून राउटर बैठकीत. सून तिथं कशी बसणार, म्हणून तिचा लॅपटॉप आतल्या खोलीत. मधे भिंत, भिंतीला टेकून धान्याची पत्र्याची कोठी, कोठीशेजारी लोखंडी कपाट. वायफायच्या लहरी पत्र्यावर आपटून माघारी फिरतात. त्यात नवे राउटर दोन नावं दाखवतात, एक साधं आणि एक शेवटी ५जी लावलेलं. प्रत्येकजण अभिमानानं ५जी निवडतो. ते मोबाईलचं ५जी नव्हे. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. वेग जास्त, पण भिंतीपुढं हात टेकणारा. २.४चा पट्टा हळू चालतो, पण आतल्या खोलीपर्यंत तग धरतो. "बैठकीत पाच, माजघरात दोन-चार," असं मामानं सूत्र बांधून दिलंय. राउटर कोनाड्यातून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवा, हेही तो सांगतो. लोक ऐकतात आणि देव्हाऱ्यावर ठेवतात.

या २.४च्या पट्ट्याचं मामाला एक वेगळंच कौतुक आहे. तो घरात वापरायला २००५ पासून आपल्या देशात परवाना लागत नाही. पहाणीच्या उताऱ्याला, उत्पन्नाच्या दाखल्याला नाडकचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट मनाला लागण्यासारखीच आहे. "सरकारनं आकाशाचा एवढा एक तुकडा बिनकागदाचा सोडलाय," तो म्हणतो, "आणि त्यात तुमची लेकरं रील बघलालेत."

यंत्र बंद करून चालू करण्याचा उपाय मामा चार भाषांत सांगतो. घरात "बंद करा, चालू करा". शिकवणीच्या मास्तरांना "ऑफ माडी, ऑन माडी". किराणावाल्या भाईला "पहले बंद करो, भाई, फिर चालू करो". आणि नारायणखेडकडून आलेल्या कंत्राटदाराला "ऑफ चेसी ऑन चेयंडी". बंद केल्यावर लगेच चालू करायचं नाही, हे मात्र सगळ्यांना. तीसपर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे आतली उरलीसुरली वीज उतरते. मामाची शाळा कन्नड, त्यामुळं मोजतो तो ओंदु, एरडु, मूरु असं. मधेच कुणी बटण दाबलं तर शिव्या मराठीत देतो.

आता पिना. राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात पिन घालून दहा-बारा सेकंद दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. हा उपाय शेवटचा आहे आणि मामाला तो फार लवकर आठवतो. कंटाळा आला, कुणी शंका काढली, चहाला उशीर झाला, की तो म्हणतो, "वहिनी, पिन द्या बरं." वहिनी पदराची पिन काढून देतात. पिन आत जाते, बत्त्या विझतात, पुन्हा लागतात, आणि नेट मुळासकट गेलेलं असतं. कारण पासवर्डाबरोबर जोडणीचं नाव-गावही पुसलं गेलेलं असतं, आणि ते फक्त केबलवाल्याच्या पोराकडं. तो पोरगा औरादला गेलेला असतो. उद्या येतो म्हणतो. पिन परत मागायची कुणाला आठवण राहत नाही, म्हणून मामाच्या कॉलरीत गावातल्या बऱ्याच घरांचा ऐवज आहे.

मामाचा खरा अधिकार मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ लिहून तो राउटरच्या पोटात शिरतो आणि जोडलेल्या यंत्रांची यादी उघडतो. घरात माणसं चार, यादीत यंत्रं अकरा. मामा यादी वाचतो, मोठ्यानं नाही. समोरच्या घरातला टीव्ही, किराणा दुकानातला फोन, गेल्या दिवाळीला येऊन गेलेल्या आणि आता पुन्हा कधी येणार नाही असं सगळ्यांना सांगितलेल्या जावयाचा फोन, तोही आत्ता चालू. गावात कोण कोणाकडं बसतं-उठतं हे गावच्या पाटलाला कळायच्या आधी या यादीला कळतं. इतक्या वर्षांत तिच्यातलं एक नाव मामाच्या तोंडून बाहेर आल्याचं मी ऐकलं नाही. रिचार्जवाल्यांच्या धंद्यात हा गुण दुर्मीळ.

मधल्या गल्लीत दोन भाऊ आहेत. मधली भिंत कुणाची यावर त्यांचं वर्षानुवर्षं कोर्टात चाललंय. शेताच्या एका तुकड्याचंही त्याच फायलीत. येणं-जाणं बंद, बोलणं बंद, मयतीलाही वेगवेगळ्या दारानं. थोरल्याकडं नेटचा वेग मेला म्हणून मामाला बोलावणं आलं. मामानं यादी उघडली. धाकट्याच्या पोराचा फोन आणि लॅपटॉप, दोन्ही भिंतीपलीकडून आत. ज्या भिंतीसाठी दोन वकील पोसले जात होते, तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झ बिनहरकत चाललेलं.

"कोण हाय का फुकटचं?" थोरल्यानं विचारलं.

मामानं वर बघितलं. दारात थोरल्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. ट्रेवरचा एक कप तेवढा मामाच्या बाजूला सरकवला. त्यात साय होती.

"कोण न्हाई. वरूनच कमी हाय," मामा म्हणाला.

थोरल्याचं समाधान होईना. पासवर्ड बदलाच, म्हणाला, आणि असा ठेवा की आपल्या घराबाहेर कुणाला सुचणार नाही. मामा म्हणाला, किमान आठ अक्षरं लागतात, तुम्हीच सांगा, विसरायला नको. थोरल्यानं बराच विचार केला. मैलार मल्लण्णाचं नाव सुचलं, ते त्यानंच खोडलं. ते तर सगळ्या तालुक्याचं दैवत. शेवटी त्यानं मामाच्या कानात सांगितलं: वादातल्या तुकड्याचा सर्व्हे नंबर, पुढं हिस्सा नंबर, पुढं दावा दाखल केल्याचं साल.

हे आकडे दोन्ही घरच्या लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेले. मामा क्षणभर थांबला. मग निमूटपणे टाइप केले, सेव्ह केलं आणि चहा संपवला.

दिवेलागणीच्या आत थोरल्याचा फोन आला. "मामा, पासवर्ड बदलला तरी सकाळच्यासारखंच चाललंय की हो."

"मनलाव न्हाई का अण्णा," मामा म्हणाला, "वरूनच कमी हाय."