काकांच्या यादीत तिसरं गाणं कुठलं?

ऐकलंत का? डिसेंबर उजाडला की पुण्यात आता दोन महोत्सव रंगतात. एक मुकुंदनगरचा सवाई. तो १९५३ पासून आहेच. दुसरं स्पॉटिफायचं 'रॅप्ड', ज्याला ना तिकीट ना भारतीय बैठक. वर्षभर काय काय ऐकलं त्याचा कंपनी रंगीत हिशेब देते आणि चांगल्या घरची माणसं तो स्टेटसला लावतात! पूर्वी निदान पगार आणि वय झाकून ठेवायची रीत होती.

वयही आता झाकलेलं राहिलेलं नाही. २०२५च्या 'रॅप्ड'नं 'लिसनिंग एज' काढून दिलं. माणूस सोळा ते एकवीस वर्षांचा असतानाची गाणी त्याला जन्मभर चिकटतात, असं धरून हा हिशेब मांडलेला. आता आमच्या नात्यातली एक मुलगी, वय सव्वीस, दिवसरात्र बाबूजी आणि गजानन वाटवे ऐकणारी. तिचं वय निघालं चौऱ्याहत्तर! बरं, निघालं तर निघालं, गप्प बसावं. हिनं ते मिरवत स्टोरीला टाकलं. स्थळाकडच्यांनी पाहिलं म्हणजे?

पण खरी बातमी आमच्या सोसायटीतल्या काकांची. काकांनी आपल्या पहिल्या पाच गाण्यांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. एक नंबरला कुमारजी, दोनला किशोरीताई, आणि तीन नंबरवर... गणपतीचं स्टिकर! चांगलं मोठं, मोदकासकट. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला, तर सोंडेखालून 'साडी' डोकावत होती. शांतं पापम्! २०२४ मध्ये लग्नाच्या हॉलांपासून रीलपर्यंत धुमाकूळ घातलेली संजू राठोडची 'गुलाबी साडी', आणि तीही काकांच्या घरात, जिथे हार्मोनियमला पेटी म्हटलेलंच चालतं!

काकांनी गणित मांडलं. तीस सेकंद वाजलं की एक नोंद. पन्नास मिनिटांचा ख्याल ऐकला तरी नोंद एकच. तेवढ्या वेळात तीन मिनिटांचं गाणं सोळा वेळा वाजतं. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्यावर हा उघड अन्याय. मुद्दा बिनतोड आहे, मलाही पटला. पण काकूंनी विचारलं, "अहो, सोळा वेळा लावलं कुणी?"

रात्री आवाज बंद करून यमन लावून झोपणारेही आहेत म्हणे. डिसेंबरात यादी शोभिवंत दिसावी म्हणून! आता याला काय म्हणावं?

आवड चारचौघांत सांगण्याची हौस जुनीच. झुमरी तलैयाचे श्रोते रेडिओकडे पोस्टकार्डांचे गठ्ठे धाडायचे, ते नाव पुकारलं जावं म्हणूनच. कॉलर ट्यूनच्या काळात तर आपण फोन करायचा आणि समोरच्याची आवड ऐकायची. पण त्या दोन्हींत गाणं लागायचं तरी! इथे नुसता तक्ता. तो पाहून लोक अंगठा दाखवतात आणि पुढे सरकतात. त्यातलं एखादं गाणं लावून बघितलंय कुणी? निदान आमच्या ग्रुपवर तरी नाही. मुलगी चौऱ्याहत्तरची कशी झाली यावर दोन दिवस चर्चा, वाटव्यांचं गाणं ऐकलं मात्र कुणीच नाही.

तर मंडळी, यादी जरूर पाठवा. पण अख्खी पाठवा, पाचही नंबर, स्टिकरशिवाय. आणि सोबत एका गाण्याची लिंक जोडा.