बिननंबरी गुन्हेगार

मुरुमच्या चौकात मोटारसायकल अडवली की पोलिसाचं काम सोपं असतं. मशीन काढायचं, नंबरपाटीचा फोटो मारायचा, पुढचं सगळं सर्व्हर बघतो. दंडाचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक तो पुढच्या लोकअदालतीपर्यंत जपून ठेवतो. सायकल अडवली की मात्र मशीनचा काही उपयोग राहत नाही. नंबर नाही, लायसन नाही, आरसी नाही, विमा नाही, पीयूसी तर नाहीच. मुरुमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. सायकलवाल्याला यातलं काहीच बदलावं लागलं नाही, कारण त्याच्याकडे बदलायला कागदच नव्हता. असा माणूस समोरून पायडल मारत आला, की कायद्याच्या माणसाला त्याच्याबद्दल कुतूहल वाटणारच.

समजा, असाच एक शेतकरी सकाळी कॅरियरवर वैरणीचा भारा बांधून निघालाय आणि एका नव्या हवालदाराचा हात वर झाला.

"ओ काका, घ्या बाजूला. लायसन दाखवा."

"कशाचं, साहेब?"

"गाडीचं."

"ही गाडी हाय व्हय? आजपतूर कुनी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर सोयरिकीच्या वक्ताला कामाला आलं असतं की!"

काकांची बाजू कायद्याने पक्की आहे. 1988 चा मोटार वाहन कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांना मोटार वाहन म्हणतो. काकांचे गुडघे कुरकुरतात ते जुन्या यंत्रासारखेच, पण संसदेने अजून त्यांना यंत्रात धरलेलं नाही. हेल्मेटचं कलम 129 मोटारसायकलपुरतं आहे. इतकंच काय, 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची सायकलसुद्धा मोटार वाहन ठरत नाही. तेव्हा लायसन, हेल्मेट, पीयूसी हे तीनही प्रश्न काकांना विचारण्यात काही अर्थ नाही.

म्हणून काकांनी लगेच मिशीला पीळ देऊ नये. 1951 चा पोलीस अधिनियम आहे, पूर्वी मुंबईचा म्हणायचे, आता महाराष्ट्राचा म्हणतात. त्यातली वाहनाची व्याख्या मन मोठं करून लिहिलेली आहे. गाडी, छकडा, हातगाडी यांच्यासोबत तिच्यात सायकल येते, तीनचाकी सायकल येते, जहाज येतं आणि विमानही येतं. वैरणीचा भारा लादलेली काकांची सायकल आणि हैदराबादला उतरणारं विमान, दोघं एकाच ओळीत. याच अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे रस्त्याने जाताना डावी बाजू धरायची, पुढच्याला ओलांडायचं तर उजवीकडून, आणि वाहन किंवा जनावर रस्त्यात वाऱ्यावर सोडून जायचं नाही. हा शेवटचा भाग मुरुमच्या बाजारपेठेत नेटाने लागू केला, तर पहिल्या दिवशी सायकली सापडतील दोन-चार. बाकी चारचाकी, टमटम आणि मोकाट वळू यांनाच ठाण्याचं आवार पुरणार नाही. बहुधा म्हणूनच कोणी नेट लावत नाही.

कायद्याचं पुस्तक न उघडता सायकल अडवली की काय होतं, याचे दाखले देशात आहेत. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या कुंबळा इथे 2018 मध्ये उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या एका मजुराला महामार्ग पोलिसांनी सायकलवर अडवलं. गुन्हा कोणता, तर हेल्मेट नाही आणि वेग जास्त. दंड 500 रुपये. सायकलवर अतिवेग म्हटल्यावर खरं तर त्या पोरावर क्रीडा खात्याने नजर ठेवायला हवी होती. पण खरी गंमत पावतीत होती. पावतीला वाहन क्रमांक लागतो, सायकलीला तो नसतो, आणि पावतीवर टाकलेला नंबर एका बाईच्या स्कूटरचा निघाला. पुढच्याच वर्षी, नवे दंड लागू झाल्याच्या सप्टेंबरात, उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात शेताच्या कडेला उभ्या केलेल्या बैलगाडीला मोटार वाहन कायद्याखाली 1000 रुपयांचं चलन लागलं. कारण विमा नाही. गवगवा झाला आणि चलन मागे घ्यावं लागलं. बैलांचा जबाब घेतल्याचं कुठे छापून आलं नाही.

कोलकात्याने असल्या किरकोळीत वेळ घालवला नाही. 2013 मध्ये तिथल्या पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलीला सरळ बंदीच घातली. सायकलींमुळे वाहतूक मंदावते, असं कारण दिलं. वाहतूक म्हणजे काय आणि सायकल तिच्यात का मोडत नाही, हे तिथल्या दूधवाल्यांना आणि पेपरवाल्या पोरांना मात्र कोणी समजावून सांगितलं नाही.

हे सगळं आत्ताचं आहे असं नाही. आपल्याकडे सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, तो लावला नाही की शिपाई धरायचा. रात्री दिवा नाही, डबलसीट बसलात, की चौकात हजेरी. दिवा म्हणजे आधी रॉकेलचा कंदील, मग डायनामो. डायनामोची खोडी अशी, की सायकल थांबली की दिवा विझतो. म्हणजे शिपाई शिट्टी मारणार, पोरगं ब्रेक दाबणार, दिवा जाणार आणि शिपाई म्हणणार, "कुठाय दिवा?" पुण्यात वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला कायद्याची पहिली ओळख अशी झाली. शिक्षाही ठरलेली होती, दोन्ही चाकांची हवा सोडायची. ही शिक्षा कोणत्या कलमात बसते, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. तिला ना पावती, ना अपील, ना सरकारी तिजोरीत एक पैसा. फायदा झाला तो फक्त पुढच्या वळणावरच्या पंक्चरवाल्याचा.

जपानने मात्र सायकलवाल्याला कायद्यात मानाने घेतलं आहे. तिथे नोव्हेंबर 2024 पासून सायकल चालवताना मोबाइल बघितला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दारू पिऊन चालवली तर तीन वर्षांपर्यंत. एप्रिल 2026 पासून सोळा वर्षांवरच्यांना जागेवर दंडाची पावती मिळू लागली, प्रत्येक चुकीचा दर ठरवून. कडक आहे, पण छापील आहे. आपल्याकडे दर ठरतो तो समोरच्या माणसाच्या धोतराकडे बघून.

सायकलवाले धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि वळायची जागा लांब गेली की आमचे लोक उलट्या बाजूने सुसाट येतात. अंधारात, काळं घोंगडं पांघरून, ना पुढे दिवा, ना मागे लाल काच. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला हे भूत की माणूस, ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली जवळपास 4,800 सायकलवर होती. त्यांना कोणी अडवून "काका, डावीकडून चला" म्हटलं असतं, तर त्या हवालदाराचा सत्कार करायलाही हरकत नव्हती.

आता मुरुमच्या खऱ्या वाहतुकीकडे या. दिवाळी आटोपली की ऊस सुटतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही अंगांनी बाहेर, मागे लाल दिवा नाही, परावर्तक असलाच तर उसाच्या वाड्याखाली झाकलेला, आणि टेपचा आवाज असा की मागच्याने हॉर्न दिला काय आणि शंख फुंकला काय, सारखंच. ही वरात रात्री रस्त्यात बंद पडते तेव्हा मागे दोन दगड ठेवतात, ट्रॉली गेली तरी दगड राहतात. याच रस्त्याने पहाटे दुधाची किटली घेऊन सायकलवाला येतो आणि सात वाजता शाळेच्या पोरी. पोरींच्या नव्या सायकलीला निदान परावर्तक तरी असतो, कारण तो बसवण्याचा आदेश केंद्र सरकारने 2020 मध्ये काढला. दोन किलोंच्या दप्तराला परावर्तक लागतो, वीस टन उसाला चालून जातं.

तेव्हा ठाण्याला, परिवहन कार्यालयाला आणि भागातल्या साखर कारखान्यांना विनंती एवढीच, की यंदा गव्हाणीत मोळी पडायच्या आधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी चिकटवून घ्या आणि ती वाड्याखाली जाणार नाही अशी चिकटवा. कारखान्याच्या काट्यावर वजन होतं तिथेच ती तपासता येते, चौकात उभं राहायचीही गरज नाही. सायकलवाल्यांनी डावी बाजू सोडू नये आणि पाच-पंचवीस रुपयांची लाल काच लावून घ्यावी. आणि तरीही कोणी अडवलंच, तर हवा सोडू देऊ नका. कलम विचारा, पावती मागा, आणि पैसे देण्याआधी पावतीवर दुसऱ्याच कोणाच्या स्कूटरचा नंबर नाही ना, तेवढं वाचून घ्या.