प्रथमारोही भाऊ

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या मोठ्या गावात जो गृहस्थ कृषी केंद्राच्या बाकावर बसून बोंडअळीपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत कोणत्याही विषयाचा निकाल लावतो, आणि ज्याला त्याच्याहून वडील माणसेही ‘भाऊ’ म्हणतात, त्याचा अभ्यास आजवर सपाट जमिनीवरच झालेला आहे. कातळावरील त्याचे वर्तन पाहण्याची सोय झाली ती त्याचा पुतण्या पुण्यात नोकरीला लागून रविवारी प्रस्तरारोहणाला जाऊ लागल्यामुळे. प्रस्तरारोहण म्हणजे उभ्या खडकावर स्वतःच्या हातापायांनी चढणे. त्यात दोर असतो, परंतु तो पडणाऱ्याला सावरण्यासाठी, धरून वर जाण्यासाठी नव्हे. हा भेद भाऊला प्रथमपासूनच अमान्य असतो, कारण वापरायचा नसेल तर दोर आणलाच कशाला, हा त्याचा प्रश्न तर्काला धरून असतो.

भाऊ सिंहगडाच्या परिसरातील कातळापाशी येतो तो नवशिका म्हणून नव्हे. तो चिंचेच्या झाडावर चढलेला असतो, मोटारपंप अडकला तेव्हा दोराने विहिरीत उतरलेला असतो, आणि रोहित्र जळून आठवडा लोटला तेव्हा पाण्याच्या टाकीवर चढून त्याने तहसीलदारांना खाली उभे केलेले असते. शिवाय १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी याच गडावर घोरपड लावली होती, हे तो प्रशिक्षकाला आवर्जून सांगतो. घोरपडीची कथा पोवाड्यांतून आली असून इतिहासकार तिला आधार मानत नाहीत, असे प्रशिक्षक नम्रपणे म्हणतो आणि मुंबईत १९५४ साली स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ संस्थेने २०१६ साली नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक स्पर्धा भरवली होती, तसेच टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्येही आला आहे, अशी जोड देतो. भाऊ मान डोलावतो. बक्षीस किती होते, एवढेच विचारतो.

त्याच्या प्रतिष्ठेला पहिला धक्का साहित्यापाशी बसतो. हार्नेस म्हणजे कंबर आणि दोन्ही मांड्यांभोवती आवळायचा पट्ट्यांचा साज. तो चढवल्यावर रुबाबात उभे राहणे कोणालाच शक्य नसते. रबरी तळव्याचे बूट मुद्दाम घट्ट घालतात, कारण बोटे सैल राहिली तर बारीक कडेवर पाय ठरत नाही. भाऊ मात्र दुकानदाराने लहान माप गळ्यात मारले असे समजून प्रशिक्षकाची कीव करतो. त्यानंतर हार्नेसला दोर बांधण्यासाठी आठाची गाठ मारायची असते. ही गाठ ताण आला की आवळते, सहसा सुटत नाही आणि नीट मारली आहे की नाही हे जोडीदाराला नजरेनेच तपासता येते. भाऊ कासऱ्याची गाठ मारतो आणि ‘थे तुमचं ठीक हाय, पन माही गाठ सुटत नाई’ असे बजावतो. प्रशिक्षक काही न बोलता ती सोडतो, आठाची मारतो, दोनदा ओढून पाहतो आणि म्हणतो, ‘चला काका.’ भाऊचा काका होण्यास एवढाच वेळ लागतो.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून झालेला आहे, आणि भाऊच्या शेतातील काळी कपाशीची जमीनही अशाच खडकाची झीज होऊन बनलेली आहे. परंतु हे नाते कातळ मनावर घेत नाही. या खडकावर चढताना भार पायांवर द्यावा, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले ठेवून एकच हलवावा, असा नियम आहे. भाऊ सर्व भार हातांवर घेतो, कारण आयुष्यातील सर्व कामे त्याने हात वर करूनच केलेली असतात. पंधरा फुटांवर त्याची बोटे उघडू लागतात आणि चवड्यावर तोललेल्या पायाची पोटरी थकून गुडघ्यासह थडथडू लागते. आरोहकांच्या बोलीत याला शिलाई मशीन म्हणतात. खालून ‘काका, पाय बघा’ असे सांगितले जाते. पाय बघायचे तर खाली बघावे लागते, आणि नेमके तेच भाऊला करायचे नसते.

याच ठिकाणी बिलेचा अर्थ त्याला कळतो. बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर वरच्या पक्क्या आधारातून फिरवून खाली उभ्या असलेल्या जोडीदाराने घर्षणाच्या साधनातून ताब्यात ठेवणे. ज्याने उधारीची वही सख्ख्या भावाच्या हाती दिली नाही, त्याचा जीव आता विशीतल्या एका अनोळखी मुलीच्या मुठीत असतो. भाऊ बराच वेळ गप्प राहतो, जे त्याच्या बाबतीत फुलसावंगीत कोणी पाहिलेले नसते, आणि मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘ताई, मले नाई जमत. उतरवा.’ ती दोर हळूहळू सोडते. खाली कोणीही हसत नाही, कारण तेथील प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेले असते.

पुढील वाढदिवसाला फुलसावंगीत लागणाऱ्या फ्लेक्सवर भाऊ हेल्मेटसह झळकतो. फ्लेक्सवाल्याने दोर पुसून मागे ८,८४८ मीटरचे एव्हरेस्ट लावलेले असते आणि भाऊने त्याला हरकत घेतलेली नसते. फक्त खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेत दोर धरणाऱ्या त्या मुलीचे नाव तालुकाध्यक्षांच्या आधी घालण्याचा हट्ट त्याने धरलेला असतो, आणि शुभेच्छुकांचा क्रम कसा वाचायचा हे गावात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.