विषय हार्ड

आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलाला राजारामपुरीतली आमची सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणते. मुलगा म्हणतोय खरं, कानाजवळचे केस पांढरे झालेत त्याचे. तो राहायला आला तेव्हा शेजारच्या आजी गुडघा दाखवायला आल्या होत्या. त्यानं त्यांना अर्धा तास बसवून घेतलं, घरात फोन कुणाकुणाकडे आहे आणि दिवसातून किती वेळा बघता ते विचारून वहीत लिहिलं आणि जाताना गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगितलं. आजींना गुण आला. डॉक्टरची पदवी अजून यायची आहे.

कोल्हापुरात 'विषय हार्ड' म्हणजे कौतुक. बुलेट हार्ड, पैलवान हार्ड, तांबडा रस्सा हार्ड. डॉक्टरच्या तोंडी मात्र या दोन शब्दांत शंभर टक्के दुःख असतं. सकाळी जिन्यात गाठ पडली की मी विचारतो, "काय डॉक्टर, कुठवर आलंय?" तो पायरीवर थांबतो, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो आणि म्हणतो, "काका, विषय हार्ड हाय."

त्याच्या पीएच.डी.चा विषय आहे इंटरनेटचा समाजावर होणारा परिणाम. अर्थात हा विषयांचा नुसता वाडा. आतली खोली अजून ठरायची आहे. इंटरनेट आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी सुरू झालं, हे वाक्य मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरात आता स्वातंत्र्यदिनाला दोन कारणं आहेत.

विषय धरायची त्याची रीत ठरलेली आहे. आधी अंबाबाईचं दर्शन. येताना महाद्वार रोडवरून दोनशे पानी वही. पहिल्या पानावर लाल शाईनं शीर्षक, त्यात एक अपूर्णविराम हवाच, आणि त्यापुढं 'एक समाजशास्त्रीय अभ्यास'. दुसऱ्या पानावर 'आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग आहे.' तिसरं पान कोरं. अशा अकरा वह्या आमच्याकडे आल्या आहेत. आमची बायको त्यांत दुधाचा हिशेब लिहिते. कागद चांगला असतो.

मग तो रोज विद्यापीठात जातो. शिवाजी विद्यापीठ 1962 चं, आवार अफाट, आणि त्या आवारात मोर. खर्डेकर ग्रंथालयाकडं जाताना मोर आडवे येतात. संध्याकाळी "आज काय झालं?" असं विचारलं तर डॉक्टर खोटं बोलत नाही. "सात दिसले," म्हणतो.

पहिला विषय ऑर्कुटचा. तेव्हा तो एम.फिल. करत होता. 'ऑर्कुट आणि कोल्हापुरातील महाविद्यालयीन तरुण' असं भारदस्त नाव, प्रश्नावली छापलेली. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुटच बंद पडलं. डॉक्टर तीन दिवस जेवला नाही. मग एम.फिल. अर्धी टाकून पीएच.डी.ला लागला आणि पुढं कधीतरी टिकटॉक धरलं. गावोगाव फिरून शेतात नाचणाऱ्या पोरापोरींच्या मुलाखती घेतल्या, त्यांत एका व्हिडिओत स्वतःही बैलामागं उभा राहिलेला दिसतो. 29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. अर्धी टाकलेली ती एम.फिल.सुद्धा 2022 मध्ये यूजीसीनं कायमची बंद केली.

तेव्हापासून गल्लीत डॉक्टरचं वजन वाढलं. यानं विषय घेतला की ती गोष्ट बंद पडते, अशी लोकांची पक्की खात्री झाली. गणपतीच्या आधी चार म्हातारी माणसं शिष्टमंडळासारखी माडीवर आली. "डॉक्टर, औंदा डॉल्बीवर घ्या की विषय." आमची बायकोही एकदा चहाचा कप पुढं ठेवून म्हणाली, "रील का काय असतंय, त्यावर लिहा. आमचं पोरगं जेवताना बघतंय. लिहा तुम्ही, मी रोज चहा देतो." कोल्हापूरच्या बाईनं 'देतो' म्हटलं की ते वचन असतं. डॉक्टरनं चहा घेतला आणि म्हणाला, "काकी, स्कोप फार मोठा होतोय."

स्कोप हे त्याच्या गाइडनी दिलेलं भूत. गाइड भले गृहस्थ आहेत, पण त्यांना एकच वाक्य येतं, "अजून नॅरो करा." डॉक्टरनं समाजाचा महाराष्ट्र केला, महाराष्ट्राचा जिल्हा, जिल्ह्याचा करवीर तालुका. नॅरो करा. एका रविवारी तो वही घेऊन माझ्या समोर बसला आणि विचारलं, "काका, तुमचा फोन दिवसाला किती तास चालतोय?" मी सांगितलं, चार्जिंग असेपर्यंत. त्यानं ते लिहून घेतलं. 'विशेष संदर्भ'मध्ये आता मी एकटाच उरलो होतो.

पावसाळ्यात त्याला भरतं येतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळी गाठते, 43 फुटांना धोका, आणि त्या चार फुटांत सगळं कोल्हापूर फोनमध्ये डोकं घालून बसतं. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. डॉक्टरनं लगेच 'महापूर आणि अफवा' धरलं. लोक अफवा कशी ओळखतात हे तपासायला एका रात्री त्यानं 2019 च्या पुराचा व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली प्रश्न होता, 'हे खरे वाटते काय?' प्रश्न कुणी वाचलाच नाही. आमच्या गल्लीपर्यंत पंचगंगा कधी आलेली नाही. तरी अर्ध्या गल्लीनं गाद्या उचलून उंच जागी आणल्या. उंच जागा म्हणजे डॉक्टरची खोली. तो त्या रात्री जिन्यात झोपला.

2023 च्या जूनमध्ये स्टेटसवरून शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. आम्ही सगळे घाबरून घरात. हा मात्र वर-खाली करतोय. "काका, अशी संधी परत यायची नाही! इंटरनेट नसताना माणसं काय करतात, याचा डेटा पाहिजे." मी म्हटलं, मग घे की. त्यानं हताश होऊन फोन दाखवला. प्रश्नावली गूगल फॉर्मवर होती.

2025 मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण वनताराला नेली आणि जिल्ह्यानं रागानं वनताराच्याच मालकांच्या कंपनीची सिमकार्डं बदलायचा सपाटा लावला, तेव्हा डॉक्टर महाद्वार रोडला निघालेला बघून आजींनी त्याला वाटेतच अडवलं. "तिला तरी सोड बाबा."

हे सगळं चाललेलं असतं तेव्हा त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. कुणाचा लाडकी बहीणचा फॉर्म, कुणाच्या पोराची अकरावी, कुणाचं केवायसी अडकलेलं. आजींना पुण्याच्या नातवाचा चेहरा दिसावा म्हणून रविवारी हा फोन धरून बसतो, कारण आजींचा हात हलतो. पैसे कुणी देत नाही, तो मागत नाही. यातलं वहीत काही नसतं. मी एकदा म्हटलं, हेच लिही. तर म्हणाला, "याला थेअरी नाही, काका."

दिवाळीत त्याचे वडील आले, वारणेकाठचे ऊसवाले. गुळाची ढेप ठेवली आणि बोलता बोलता म्हणाले, "आमच्या भागात कंपुटर आला तवा हा शाळेत हुता. तोडीची चिठ्ठी, वजनाची पावती, समदं त्यातनं." मी उडालोच. 1998 चा वारणेचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प, 70 गावं संगणकानं जोडायची होती; शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य सगळं त्यातून मिळणार होतं. लोकांनी त्यातून मुख्यतः उसाची माहिती घेतली. मी डॉक्टरकडं बघितलं. इतका विषय घरात असताना!

"झालंय ते," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी सात गावांत आठ महिने मोबाइलच्या मेसेजवर तेच काम चालवून दाखवलं. स्वस्त पडलं, शेतकऱ्यांना आवडलं. पेपर आलाय."

वडिलांनी पानाचं देठ तोडलं. "ती माणसं येऊन बघून गेली, आणि तू हितं बसून मोर मोजालास व्हय?"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी बारावी वही घेऊन आला. पहिल्या पानावर शीर्षकाची जागा अजून मोकळी आहे. वाचकांपैकी कुणाजवळ चांगला, नॅरो विषय असेल तर जरूर सुचवावा. फक्त यूपीआय सुचवू नका. खोलीचं भाडं त्यावरच येतं.